फ्लार्मचा जीपीएस वारंवार सुटतोय? लक्षणं ओळखा आणि या क्रमाने तपासा

ग्लायडरमधला (बिनइंजिनाच्या विमानातला) फ्लार्म, म्हणजे टक्करीचा इशारा देणारा डबा, मध्येच गप्प होतो, नाहीतर आसपास कोणी नसताना ओरडत सुटतो, आणि उतरल्यावर पायलट सांगतो की डबा गेला. दक्षिण जर्मनीत, स्टुटगार्टच्या बाजूच्या एका क्लबात मी उपकरणांची देखभाल बघतो आणि ही तक्रार दर मोसमात येते. बहुतेक वेळा डबा ठणठणीत असतो. दुखणं असतं ते बॅटरीत, वायरीत किंवा अँटेनाच्या जागेत. शिकायला, नोकरीला इकडे येऊन क्लबात दाखल झालेले मराठी लोक आता बरेच भेटतात. वर्कशॉपची कामं त्यांच्याही वाट्याला येतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ. २००४ साली स्वित्झर्लंडमधून आलेला फ्लार्म रडारसारखा समोरचं विमान शोधत नाही. प्रत्येक यंत्र उपग्रहांवरून आपली स्वतःची जागा, वेग आणि वळण काढतं, पुढच्या काही सेकंदांत आपण कुठे असू याचा अंदाज बांधतं आणि ते साधारण दर सेकंदाला रेडिओवरून सगळ्यांना कळवतं. दुसऱ्यांचे अंदाज ऐकून स्वतःच्या अंदाजाशी ताडून बघतं. म्हणजे तुमचा जीपीएस सुटला की तुम्हाला इतर ग्लायडर दिसत नाहीत, आणि त्याच वेळी तुम्हीही इतरांच्या पडद्यावरून नाहीसे होता. समोरच्याचं यंत्र नवं कोरं असलं तरी त्याचा काही उपयोग नाही. हे दुरुस्त करणं म्हणजे क्लबातल्या प्रत्येकाची काळजी घेणं, असं मी मानतो आणि नव्या मुलांनाही तसंच सांगतो.

दोन ग्लायडर ताशी १०० किलोमीटरने समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला सुमारे ५६ मीटरने कमी होतं. इशारा साधारण १८ सेकंद आधी मिळतो, म्हणजे अंतर एक किलोमीटर असताना. त्यातले तीन-चार सेकंद जीपीएस अडखळण्यात गेले तर दोनशे मीटर गेले.

पण म्हणून अचूकता मीटरभराने वाढवण्याच्या मागे लागू नका. मोकळ्या आकाशाखाली साधा रिसीव्हरही काही मीटरच्या आत जागा सांगतो, आणि एएसके २१ या ग्लायडरचे पंखच टोकापासून टोकापर्यंत १७ मीटर लांब आहेत. शिवाय जवळजवळ उडणाऱ्या दोन ग्लायडरांवर वातावरणामुळे येणारी चूक जवळपास सारखी आणि एकाच दिशेची असते, त्यामुळे दोघांमधलं अंतर काढताना ती बरीचशी वजा होते. उपग्रह फक्त वरच्या बाजूला असल्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट असते, तीही चालते. फ्लार्मला हवं असतं सातत्य. फिक्स, म्हणजे उपग्रहांवरून काढलेली जागा, एकदा लागला की उतरेपर्यंत सुटता कामा नये.

लक्षणं

चालू केल्यावर जीपीएसचा दिवा बराच वेळ लागत नाही. हिवाळ्यानंतर पहिल्याच दिवशी झालं तर काळजी नाही, रोज होत असेल तर आहे.

सरळ उडताना सगळं ठीक असतं, थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) घिरट्या सुरू झाल्या की फिक्स सुटतो, आणि तोही बहुधा एकाच बाजूच्या वळणात. हे अँटेनाच्या जागेचं दुखणं आहे.

रेडिओवर बोलण्यासाठी बटण दाबलं की फ्लार्म बंद पडून पुन्हा सुरू होतो, किंवा सुरूच राहतो पण उपग्रह सुटतात. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत, दोन्ही खाली येतील.

फ्लार्म नोंदवतो त्या उड्डाणाच्या आयजीसी फाइली एकाऐवजी दोन-तीन होतात, किंवा नकाशावरची रेषा मध्येच उडी मारते.

सोबतचे पायलट सांगतात की तुम्ही त्यांच्या पडद्यावरून गायब होता. हे जीपीएसमुळेही होतं आणि फ्लार्मच्या स्वतःच्या रेडिओच्या अँटेनामुळेही. स्वतःच्या जीपीएसची नोंद सलग असेल तर दोष रेडिओच्या बाजूला शोधा.

दोन तक्रारी मात्र जीपीएसच्या नावावर येतात आणि जीपीएसच्या नसतात. पहिली, "कोणीतरी सतत अगदी जवळ आहे" असा इशारा. ग्लायडरमध्ये एडीएस-बी, म्हणजे विमानाची ओळख आणि जागा सगळ्यांना कळवणारा संदेश, पाठवणारा ट्रान्सपाँडर असेल आणि त्याचा सहा अक्षरी आयसीएओ पत्ता (विमानाचा ओळखक्रमांक) फ्लार्मच्या सेटिंगमध्ये तंतोतंत तसाच भरलेला नसेल, तर ते ऐकू शकणारा फ्लार्म तुमच्याच ट्रान्सपाँडरला परकं विमान समजतो. दोन्हींतला पत्ता अक्षर अन् अक्षर जुळवून बघा. कॉकपिटमध्ये दुसरा, हातातला फ्लार्म चालू असेल तर तोही बंद करा.

दुसरी, "जीपीएसची उंची अल्टिमीटरशी जुळत नाही." ती जुळणारच नाही. अल्टिमीटर प्रमाण तापमान गृहीत धरतो. हवा प्रमाणापेक्षा १० अंशांनी गरम असेल तर खरी उंची दाखवलेल्या उंचीपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी जास्त असते. त्यात आयजीसी फाइलमधली जीपीएस उंची समुद्रसपाटीपासून मोजत नाहीत, डब्ल्यूजीएस ८४ या गणिती लंबगोलापासून मोजतात. दक्षिण जर्मनीत समुद्रसपाटीची पातळी त्या लंबगोलाच्या वर अठ्ठेचाळीसेक मीटर येते, म्हणून फाइलमधला आकडा तेवढा मोठा दिसतो. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावर नोंद केली तर उलट दिसेल, कारण तिथे ती पातळी लंबगोलाच्या साठ मीटरांहून जास्त खाली आहे. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

१. बॅटरी

मल्टिमीटर घ्या आणि व्होल्ट बॅटरीवर न मोजता फ्लार्मच्या प्लगपाशी मोजा. मग दुसऱ्या माणसाला रेडिओचं बटण दाबून धरायला सांगा. शांत असताना १२.६ दाखवणारा काटा बटण दाबल्याबरोबर ११ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे, नाहीतर वाटेत कुठेतरी जोडणी गंजली आहे. फ्यूजची खोबणी आणि मुख्य खटका या दोन जागा आधी बघा. व्होल्ट पडले की फ्लार्म बंद होतो, पुन्हा सुरू होतो आणि परत उपग्रह शोधायला लागतो. पायलटला त्यातलं फक्त "जीपीएस गेला" एवढंच दिसतं. एका उड्डाणाच्या दोन फाइली होतात त्या यामुळेच. ही तपासणी फुकट आहे आणि पाच मिनिटांची आहे, म्हणून पहिली.

२. आकाश आणि वेळ

हँगरच्या पत्र्याखाली काहीही तपासू नका. ग्लायडर बाहेर काढा. कॅनॉपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, उन्हासाठी चंदेरी आवरण असेल तर तेही काढा, कारण त्यातला धातूचा थर उपग्रहांचा संदेश अडवतो. मग यंत्र सुरू करून पंधरा मिनिटं हात लावू नका. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. प्रत्येक उपग्रहाची स्वतःची ताजी कक्षा मात्र अर्ध्या मिनिटात मिळते. हिवाळाभर पडून राहिलेल्या यंत्रातली छोटी राखीव बॅटरी उतरते आणि त्याला सगळं पहिल्यापासून गोळा करावं लागतं. दुसऱ्या दिवशीही तेवढाच वेळ लागला तर राखीव बॅटरी संपली असं समजा. ती डब्याच्या आत असते, म्हणून तिथे आपलं काम संपतं.

३. पॅनेलवरचा पसारा

अँटेना बहुधा पॅनेलच्या वरच्या कवचावर असतो, आणि टोपी, नकाशा, मोबाइल, कॅमेरा हे सगळंही तिथेच येऊन पडतं. उपग्रहाचा संदेश जमिनीपर्यंत येतो तेव्हा अतिशय क्षीण झालेला असतो. शेजारी चालू असलेला कॅमेरा किंवा स्वस्तातला यूएसबी चार्जर त्याला सहज बुडवतो. पसारा काढा आणि एक उड्डाण करून बघा. दोष गेला तर वस्तू एकेक करून परत ठेवा, म्हणजे गुन्हेगार सापडेल.

४. आयजीसी फाइल वाचा

ही पायरी लोक टाळतात आणि निदान मात्र इथेच होतं. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. बी अक्षराने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद. आधी वेळ, मग अक्षांश-रेखांश, मग एक अक्षर, मग दाबावरून काढलेली उंची, मग जीपीएसची उंची. नमुन्याची एक ओळ, वाचायला सोपी जावी म्हणून तोडून:

बी १३२४५१ / ४८३७९०० एन / ००९२५८०० ई / ए / ०१२४० / ०१३१८

मधलं ते एकटं अक्षर बघा. ए म्हणजे पूर्ण, तिन्ही मितींचा फिक्स. व्ही म्हणजे उंचीचा फिक्स नाही. सगळ्या व्ही ओळी शोधून त्यांच्या वेळा कागदावर लिहून काढा.

त्यानंतर फाइलच्या वरच्या भागात आय अक्षराने सुरू होणारी ओळ शोधा. प्रत्येक नोंदीच्या शेवटी कोणते जादा आकडे जोडले आहेत ते तिथे सांगितलेलं असतं. एफएक्सए म्हणजे त्या क्षणी जागेत किती मीटर चूक असू शकते त्याचा अंदाज, आणि एसआययू म्हणजे किती उपग्रह वापरात होते तो आकडा. उड्डाणभर एसआययू दहाच्या आसपास स्थिर आणि एफएक्सए एक आकडी असेल तर जीपीएसला दोष देऊ नका. एसआययू चार-पाचवर घसरतो आणि त्याच ओळींत एफएक्सए फुगतो, अशा जागांवर खुणा करा.

आता तीच उड्डाणरेषा नकाशावर उघडा आणि खुणेच्या वेळी ग्लायडर काय करत होता ते बघा. खुणा सगळ्या डाव्या घिरट्यांत असतील तर अडथळा अँटेनाच्या उजवीकडे शोधा. डाव्या वळणात उजवा पंख वर जातो आणि अँटेनाच्या उजवीकडची वस्तू, म्हणजे टॅबलेटचा स्टँड, होकायंत्राची चौकट, कवचाची कड, थेट डोक्यावरच्या आकाशाच्या आड येते. खुणा डोंगरकड्याला घासून उडतानाच्या असतील तर अर्धं आकाश कड्याने झाकलं होतं, यंत्र निर्दोष आहे. खुणा कशाशीच जुळत नसतील, कधी सरळ उडताना, कधी वळणात, कधी टेकऑफच्या धक्क्याबरोबर, तर वायर किंवा जोडणी सैल आहे.

५. सॉफ्टवेअर

फ्लार्मचं सॉफ्टवेअर किमान वर्षातून एकदा अद्ययावत करावंच लागतं, कारण सगळ्यांची रेडिओवरची भाषा एक असावी लागते. फाइलमधली तारीखही तपासा. जागा बरोबर आणि तारीख एकोणीस-वीस वर्षं मागची, असं दिसलं तर घाबरू नका. जीपीएस आठवडे ० ते १०२३ एवढेच मोजतो आणि मग पुन्हा शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ मध्ये असं झालं, एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा झालं. काही जुने रिसीव्हर स्वतःच्या आतल्या आधारतारखेमुळे त्यानंतर कधीतरी चुकतात. आधी अद्ययावत करा, तरी तारीख सुधारली नाही तर यंत्र सेवा केंद्राकडे.

६. जोडण्या आणि वायर

इथून हत्यारं लागतात. एकाने बाहेर ग्लायडरशेजारी उभं राहून पडद्यावरच्या उपग्रहांच्या आकड्यावर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने अँटेनाची वायर टोकापासून टोकापर्यंत हळूहळू हलवत जायची. आकडा जिथे पडतो तिथे दोष. कॅनॉपीबरोबर पॅनेलही वर उचललं जातं अशा ग्लायडरांत वायर प्रत्येक वेळी बिजागरीपाशी वाकते आणि आतली तार तिथेच तुटते. बाहेरून काळं रबर अखंड दिसतं, चिमटीत धरून दुमडलं की आत पोकळ लागतं. अशी वायर चिकटपट्टीने सांधू नका, बदला.

जोडणी स्क्रूची असेल तर बोटांनी घट्ट करा, पान्याने पिळू नका. दाबून बसणारी असेल तर टक् आवाज यायला हवा. अँटेनातल्या छोट्या ॲम्प्लिफायरला याच वायरीतून वीज जाते. अँटेना काढून डब्याच्या जोडणीवर, मधली पिन आणि बाहेरची कडी यांमध्ये, मल्टिमीटरने ३ ते ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवू मात्र नका. व्होल्ट आहेत आणि चांगला चालणारा अँटेना उसना लावल्यावर दोष जातो, तर नवा अँटेना घ्या. व्होल्टच नाहीत तर दोष डब्याच्या आत आहे, थांबा.

हे करताना फ्लार्मच्या रेडिओचा अँटेना काढून यंत्र चालू ठेवू नका. प्रक्षेपकाची ताकद जायला वाट उरत नाही आणि तो जळू शकतो. दोन्ही अँटेनांच्या वायरींना आधीच कागदी चिठ्ठ्या लावा, म्हणजे परत बसवताना अदलाबदल होणार नाही.

७. अँटेनाची जागा

चौथ्या पायरीने वळणाकडे बोट दाखवलं असेल तर काम इथे आहे. अँटेना आडवा, सपाट, आकाशाकडे तोंड करून असला पाहिजे. एएसके २१ सारख्या काचतंतूच्या ग्लायडरमध्ये तो कवचाखाली असला तरी बहुधा निभावतं. कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे कार्बनच्या कवचाखाली ठेवलेला अँटेना म्हणजे छत्रीखाली ठेवलेलं पावसाचं मोजपात्र. एएसके १३ सारख्या लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यात अँटेना नळीला चिकटून नको. रेडिओच्या अँटेनापासून तो निदान वीतभर लांब ठेवा आणि नेमकं अंतर तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत बघा.

बाजारात मिळणाऱ्या कित्येक जीपीएस अँटेनांच्या तळाशी गाडीच्या टपाला चिकटावं म्हणून लोहचुंबक असतं. असा अँटेना होकायंत्राच्या शेजारी लावला तर जीपीएस सुधारतो आणि होकायंत्र खोटं बोलायला लागतं. चुंबक नसलेला अँटेना घ्या, दुहेरी चिकटपट्टीने बसवा आणि नंतर होकायंत्र तपासून घ्या. आधी तात्पुरती पट्टी लावून एका उड्डाणाची फाइल बघा, डावी-उजवी दोन्ही वळणं भरपूर घ्या, मगच जागा कायम करा.

८. विमानातलाच दुसरा आवाज

वरचं सगळं करूनही दोष उरला तर फ्लार्म वेगळ्या बॅटरीवर चालवा, बाकी सगळं बंद ठेवा आणि एकेक उपकरण सुरू करत उपग्रहांचा आकडा बघा. व्होल्ट बदलणारे छोटे कन्व्हर्टर सगळ्यात जास्त त्रास देतात. रेडिओचीही परीक्षा घ्या. जीपीएसची मुख्य वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ. १२१.२ ची तेरापट आणि १३१.३ ची बारापट, दोन्ही १५७५.६ येतात. म्हणून १२१.१५ ते १२१.२ आणि १३१.२५ ते १३१.३ या पट्ट्यांत बोलताना व्होल्ट न पडता फक्त उपग्रह सुटत असतील, तर रेडिओची गळती अँटेनात शिरते आहे. यातली १२१ जवळची वारंवारता आपत्कालीन १२१.५ च्या शेजारची आहे. चाचणीसाठी तिथे बटण दाबू नका, ते काम अधिकृत तंत्रज्ञाचं आहे.

त्याच दिवशी त्याच भागात बाकीच्यांचाही फिक्स गेला होता का, हेही विचारून घ्या. गेला असेल तर दोष तुमच्या ग्लायडरमध्ये नाही. बाल्टिक आणि पूर्व भूमध्य सागराच्या भागात उपग्रहसंदेश मुद्दाम दाबले जातात, लष्करी सरावांच्या सूचना नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनापत्रांत) येतात, आणि १० मे २०२४ सारखं मोठं सौर वादळ आलं तर जगभरचे रिसीव्हर गडबडतात.

कुठे थांबायचं

डबा उघडायचा नाही. आयजीसी मान्यतेच्या यंत्राला सील असतं. ते तुटलं की फाइलवरची सुरक्षेची सही अवैध होते आणि त्या यंत्रावरची नोंद विक्रम किंवा बॅजसाठी धरली जात नाही. आतली बॅटरी, आतलं सोल्डरिंग, अँटेनाच्या जोडणीवर व्होल्ट नसणं, ही सगळी उत्पादकाच्या सेवा केंद्राची कामं आहेत.

कवचाला किंवा सांगाड्याला भोक पाडायचं नाही, मुख्य वायरिंग किंवा फ्यूज बदलायचा नाही, ट्रान्सपाँडरच्या सेटिंगमध्ये हात घालायचा नाही. युरोपात ईएएसए या विमानसुरक्षा संस्थेच्या सीएस-स्टॅन या नियमसंग्रहात फ्लार्म बसवण्याची प्रमाण पद्धत दिलेली आहे. तिच्यानुसार केलेल्या बदलावरही योग्य परवान्याच्या माणसाची सही आणि विमानाच्या कागदपत्रांत नोंद लागते. क्लबाच्या तपासनिसाला आधी विचारा, काम झाल्यावर नव्हे.

आठ पायऱ्या झाल्या आणि फिक्स तरीही सुटतोय, तर ग्लायडरच्या पॅनेलवर "फ्लार्म भरवशाचा नाही" अशी ठळक चिठ्ठी लावा आणि उड्डाणाआधी त्या दिवशी उडणाऱ्या प्रत्येकाला सांगा. तंत्रज्ञाकडे यंत्र पाठवताना नुसतं "जीपीएस चालत नाही" लिहू नका. दोष दिसलेली आणि दोष नसलेली अशा दोन आयजीसी फाइली, व्ही ओळींच्या वेळा, प्लगपाशी मोजलेले व्होल्ट, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि अँटेनाच्या जागेचा कॅनॉपी बंद असतानाचा एक फोटो सोबत द्या.